रोग रेड्याला, औषध पखालीला!

आमच्या कुणब्या-बलुत्यांच्या घरांतील मूल चौथ्या इयत्तेंत गेलें आणि पुस्तक उघडून धडा घडाघडा वाचूं लागलें, म्हणजे आईबापांचा ऊर भरून येतो. तो आनंद रास्तच आहे. ज्या घरांत चार पिढ्यांमागें कागद म्हणजे अंगठा उठविण्याची जागा एवढीच ओळख होती, त्या घरांतील पोर आज छापील अक्षर तोंडानें बोलतें, ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु धडा संपल्यावर त्याच मुलास कोणीं विचारावें, "बाळ, या धड्यांतल्या माणसांची अडचण काय होती? ती कशानें आली? आणि शेवटीं जो उपाय सांगितला आहे, तो त्या अडचणीला लागू पडतो काय?" म्हणजे घडाघडा वाचणारें मूल मुकें होतें. तें पुस्तकाकडे पाहतें, गुरुजींच्या तोंडाकडे पाहतें, आणि मग शेजारच्याच्या वहींत डोकावतें.

हा प्रश्न आज आम्ही मुद्दाम वाचकांपुढें मांडीत आहों. कित्येकांस वाटेल, हा शाळामास्तरांच्या घरचा मामला. यांत नांगर धरणाऱ्याचें व भाता फुंकणाऱ्याचें काय काम? आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. अडचण कोणती व तिला साजेसा उपाय कोणता, हें मजकुरांतून हुडकून काढण्याची अक्कल ज्याच्या अंगीं नाहीं, त्याची अडचण दुसराच कोणी तरी ठरवितो, उपायहि तोच सांगतो, आणि दक्षिणा मात्र याच्या कनवटीची जाते. आमच्यांत म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पाण्याची पखाल वाहून थकतो रेडा, आजारी पडतो रेडा, आणि शहाणे लोक औषध चोळतात कातड्याच्या पखालीला! शेतकरी व कारागीर वर्गाच्या गेल्या दीडशें वर्षांच्या हकीकतीस याहून चपखल नांव आम्हांस तरी सुचत नाहीं.

जुन्या काळीं हा धंदा भिक्षुकशाहीकडे होता. गाय आटली, पोर तापानें फणफणलें, पीक करपलें, कीं पंचांग उघडावयाचें. अडचण ग्रहाची ठरे, उपाय शांतीचा ठरे. गायीच्या चाऱ्याकडे, पोराच्या पाण्याकडे, शेताच्या बांधाकडे पाहण्याची कोणास गरजच उरत नसे. दुसरीकडे सावकार रोखा वाचून दाखवी, आणि कुणबी तो ऐकून अंगठा उठवी. दोन्ही ठिकाणीं वाचणारा एक व भोगणारा दुसरा होता. म्हणूनच जोतीराव फुल्यांनीं विद्येचा एवढा आग्रह धरला. त्यांची विद्या म्हणजे नुसतें बाराखडीचें पाठांतर नव्हे. १८८३ सालीं त्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याची मांडणीच पाहा. आधीं शेतकऱ्याची दैना काय आहे व ती कोणकोण करतें, हें त्यांनीं खोलांत शिरून सांगितलें. आणि मग शेवटीं उपाय सांगितले. पावसाचें पाणी शेतांत मुरावें म्हणून ताली-बंधारे, तळीं, गाळाचें खत, जनावरांची चांगली पैदास, आणि शेतकऱ्याच्या मुलांस विद्या. दुखणें आणि औषध यांची अशी गांठ घालून देणारें पुस्तक आपल्याच माणसानें आपल्यासाठीं लिहून ठेवलें आहे. आणि आपलीं मुलें त्याचें फक्त नांव व साल पाठ करतात!

त्याच्या आदल्याच वर्षीं, १८८२ सालीं, हंटर कमिशनापुढें जोतीरावांनीं सांगितलें, कीं गांवच्या शाळेचा शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतला असावा, प्रसंगीं त्याला नांगराची मूठ व सुताराचा वाकस हातीं धरतां यावा. कां बरें? आमची समजूत अशी आहे, कीं ज्याला नांगर ठाऊक आहे, तोच मुलास विचारूं शकेल, कीं नांगर अडला तर दगडावर अडला कीं बैल थकला? दोहोंचा उपाय एक नाहीं. दगडाला पहार लागते, बैलाला वैरण लागते. बैलाला पहार मारून दगड निघत नाहीं.

आतां शाळेंत आज काय चालतें तें पाहा. धड्याखालीं प्रश्न असतात. कोण कोणास म्हणालें, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यांत उत्तर द्या. कांहीं प्रश्न विचार करावयास लावणारेहि असतात, नाहीं असें नाहीं. पण त्यांचीं तयार उत्तरें बाजारच्या मार्गदर्शकांत छापून आलेलीं असतात, तीं वहींत उतरलीं कीं काम झालें. यांत सगळा दोष शिक्षकाचा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. एकेका शिक्षकाच्या गळ्यांत दोन-दोन वर्ग, त्यावर मोबाईलवर माहिती भरण्याचा रगाडा, त्यावर निवडणुकीचें काम. तो बिचारा धडा 'संपविण्या'च्या मागें लागतो. पण धडा संपला आणि मुलाची समज सुरूच झाली नाहीं, तर त्या संपण्याला काय चाटावयाचें?

यावर आम्ही एक साधी रीत सुचवितों. तिला नवें पुस्तक नको, यंत्र नको, वर्गणी नको. कोणताहि मजकूर वाचून झाला, कीं मुलांपुढें चार प्रश्न टाकावे. पहिला: अडचण कोणती, आणि ती नक्की कोणाची? दुसरा: ती कशानें आली, मजकुरांत कारण सांगितलें आहे, कीं गाळलें आहे? तिसरा: उपाय कोण सांगतो, तो कोणीं करावयाचा, आणि खर्च कोणाच्या माथीं? चौथा: तो उपाय कारणाला भिडतो काय, आणि त्यांतून नवी अडचण उभी राहते काय? एवढेंच. चार बोटांवर मोजून होतील, आणि पांचवें बोट मुलाच्या स्वतःच्या उत्तराला राहील.

उदाहरणासाठीं एक अगदीं छोटा उतारा करूं. 'एका गांवांत उन्हाळ्यांत विहिरी आटल्या. लोक हवालदिल झाले. सरपंचांनीं तालुक्याहून टँकर मागविला. सर्वांस पाणी मिळालें. गांव आनंदित झालें.' मुलांस विचारा, अडचण काय? सगळीं एका सुरांत ओरडतील, "पाणी नव्हतें, गुरुजी!" उपाय काय? "टँकर, गुरुजी!" येथेंच बहुतेक वर्ग थांबतात आणि पुढला धडा उघडतात. पण जरा नेटानें पुढें विचारा. विहिरी कां आटल्या? मुलें ओळीवर बोट फिरवतील आणि म्हणतील, "हें धड्यांत नाहींच." शाबास! 'धड्यांत नाहीं' हें ओळखणें हेंच वाचनाचें पहिलें शहाणपण आहे. मग तींच मुलें सांगूं लागतील, कीं ओढ्याकांठीं बोअरवर बोअर घेतले. कीं डोंगराचें पाणी अडवीत नाहींत. कीं वरल्या अंगाला ऊंस वाढला. एखादी मुलगी म्हणेल, "टँकर यंदा आला, पुढल्या चैत्रांत काय करायचें?" दुसरी म्हणेल, "धड्यांत 'लोक हवालदिल झाले' म्हटलंय, पण हंडा घेऊन रांगेंत आम्हीच उभ्या असतों." पाहा बरें, 'लोक' या एका शब्दाच्या आड कोण लपलें होतें, तें पोरीनें ओढून बाहेर काढलें. आणि टँकर हा उपाय खोटा नव्हे, तहानेला तो हवाच. पण तो तहानेचा उपाय आहे, आटलेल्या विहिरीचा नव्हे, एवढा भेद दहा वर्षांच्या मुलाच्या ध्यानांत आला, तर त्या दिवसाचें शिक्षण झालें असें आम्ही समजूं.

अडचण चुकीची वाचली तर काय अनर्थ होतो, हें शिकविण्यास इतिहासाच्या पुस्तकाइतकें साधन नाहीं. महाडच्या चवदार तळ्याचा धडा घ्या. १९२३ सालच्या ऑगस्टांत मुंबईच्या कायदे कौन्सिलांत ब्राह्मणेतर पुढारी सीताराम केशव बोले यांनीं ठराव आणला, कीं सार्वजनिक पैशानें बांधलेलीं वा चालविलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुलीं असावीं. तो पास झाला. पुढें महाडच्या नगरपालिकेनें आपलें तळें खुलें असल्याचा ठराव १९२४ सालीं केला. कागदावर काम फत्ते! पण तळ्यावर जाण्याची कोणा अस्पृश्याची छाती होईना. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारों माणसें घेऊन तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. मुलांस विचारा, येथें अडचण कोणती? घाईचें मूल म्हणेल, पाण्याची. तर मग उपाय सोपा, वेगळी विहीर खणून द्या! पण तळें तर पाण्यानें भरलेलें होतें. अडचण पाण्याची नव्हतीच, माणूस म्हणून हक्काची होती. आणि वेगळी विहीर हें त्या अडचणीचें औषध नव्हे, ती अडचण कायम करण्याची युक्ति होय. त्या दिवशीं स्पृश्य म्हणविणाऱ्यांच्या जमावानें परिषदेच्या लोकांवर हल्ला केला. मागाहून तळें 'शुद्ध' करण्यासाठीं त्यांत पंचगव्याच्या घागरी ओतल्या. रोग मनाला आणि औषध पाण्याला! तो जमाव कांहीं भिक्षुकांपुरता नव्हता, हेंहि आम्हीं आपल्या मुलांपासून लपवूं नये. त्याच वर्षीं नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला, प्रकरण कोर्टांत गेलें, आणि १९३७ सालीं हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला. एका ठरावाचे दोन शब्द खरे होण्यास चौदा वर्षें लागलीं. 'उपाय लिहिला' आणि 'उपाय झाला' यांत केवढें अंतर असतें, हें मुलास याहून चांगलें कसें कळणार?

दुसरा धडा आपल्या घरचाच, कर्जाचा. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ या काळांत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, तेव्हां इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनीं हात सैल सोडून कर्जें दिलीं. युद्ध थांबलें, भाव कोसळला. त्यांतच सरकारनें जमिनीची नवी पाहणी करून पुष्कळ ठिकाणीं सारा वाढविला. कुणब्यानें सारा भरावा कसा? पुन्हां सावकाराच्या दारीं. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकरी उठले आणि सावकारांच्या घरांतून रोखे काढून त्यांची होळी केली. ही आग पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरली. ध्यानांत घ्या, मारामारीपेक्षां कागदाकडे लोकांचें लक्ष अधिक होतें. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला कागद हाच राक्षस दिसतो, त्यानें राक्षस जाळला.

मग सरकारनें कमिशन नेमलें. त्यांच्या अहवालांत मुख्य ठपका सावकारीवर आला, सरकारच्या साऱ्यावर नव्हे. त्या वाचनावरून १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. कर्जासाठीं शेतकऱ्याची कैद बंद झाली, कोर्टानें जुन्या व्यवहाराचा हिशेब मुळापासून तपासावा असें ठरलें, रोखे गांवच्या नोंदणी कामगारापुढें व्हावेत असें ठरलें. हे उपाय टाकाऊ होते असें कोण म्हणेल? कैद टळली, ही मोठी गोष्ट. पण चौथा प्रश्न विचारा: कारणाला भिडले काय? सारा तसाच राहिला, पडलेला भाव तसाच राहिला, पाऊस तर कोणाच्याच हातीं नव्हता. पैशाची गरज होती तेवढीच राहिली. मग सावकारानें कर्जरोख्याऐवजीं जमिनीचें खरेदीखतच लिहून मागावयास सुरुवात केली. एक दार बंद झालें, दुसरें उघडलें. जाळणाऱ्यांनींहि कागदाला हात घातला, आणि सरकारनेंहि कागदालाच. हा धडा सातवी-आठवीच्या मुलांपुढें चार प्रश्नांसह ठेवून पाहा; ज्या घरांत आजहि कर्ज आहे, तेथील मूल कान टवकारून ऐकेल.

चुकलेल्या उपायांचीच रड आम्ही गात नाहीं. साजलेला उपाय कसा असतो, हेंहि मुलास दाखविलें पाहिजे, नाहीं तर सर्वत्र खोट काढण्याची खोड लागेल. खेड्यांतलीं मुलें शिकत नाहींत, म्हणून बुद्धिमान वर्ग म्हणे, यांना विद्येची गोडीच नाहीं. अडचण अशी वाचली, कीं उपाय उरतच नाहीं. कपाळाला हात लावून बसावें. शाहू छत्रपतींनीं तीच अडचण वेगळी वाचली. खेड्यांतला पोर कोल्हापुरास येईल, पण राहील कोठें आणि खाईल काय? म्हणून १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह निघालें, आणि मागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, अस्पृश्य अशा अनेक समाजांचीं निघालीं. पोरें आलीं, राहिलीं, शिकलीं. गोडी नव्हती असें नव्हतें, ओसरी नव्हती. पुढें भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह चालविलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहून एकाच पंक्तीला जेवूं लागलीं. वेगळ्या वसतिगृहांनीं राहण्याची अडचण सुटली, पण जातीची भिंत उभीच होती. ती एका चुलीनें ढासळूं लागली. पहिल्या उपायानें सोडलेली उणीव दुसऱ्या उपायानें कशी भरून काढावी, याचा हा नमुना आमच्याच मातींतला आहे.

आतां आजच्या कागदांकडे वळूं, कारण मुलास उद्यां हेच कागद वाचावयाचे आहेत. कीटकनाशकाची बाटली घ्या. तिच्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. सोबतच्या घडीपत्रकांत कोणत्या पिकावर, कोणत्या किडीला, किती पाण्यांत किती औषध, हें बारीक अक्षरांत दिलेलें असतें. ही चिठ्ठी म्हणजे अडचण व उपाय यांचाच मजकूर नव्हे काय? २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसें गेलीं. दोन-तीन औषधें एकत्र कालवून फवारल्याचें, तोंडाला-हाताला कांहीं न बांधतां फवारल्याचें पुढें आलें. लगेच उपाय निघाला, मजुरांस हातमोजे व मुखवटे वाटा. वाटावेच! पण शाळेंतल्या मुलानें विचारावें, कीं हें मिश्रण करावयास कोणी सांगितलें? दुकानदाराला विचारून औषध घेण्याची पाळी शेतकऱ्यावर कां आली? डोक्याएवढ्या कपाशींत, आश्विनाच्या उन्हांत, रोजंदारीचा गडी मुखवटा किती वेळ ठेवील? घरांत एक मूल ती चिठ्ठी वाचणारें असेल आणि बापाला म्हणेल, "आबा, ही कीड आपल्या शेतांत नाहींच, मग हें औषध कशाला?" तर त्या एका प्रश्नाची किंमत मार्कांत मोजतां येणार नाहीं.

कर्जमाफीचा कागद घ्या. २००८ सालीं केंद्र सरकारनें मोठी कर्जमाफी दिली. तींत पूर्ण माफी पांच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांस होती, आणि ती बँका व सोसायट्यांच्या कर्जास होती. आतां पहिला प्रश्न लावा: अडचण कोणाची? विदर्भाच्या कोरडवाहू माळावर आठ एकरवाला कुणबी बागाईतल्या दोन एकरवाल्याहून दरिद्री असूं शकतो. तो पूर्ण माफींतून सुटला. जो बँकेच्या पायरीवर कधीं चढलाच नाहीं, ज्याचें कर्ज खाजगी सावकाराचें, त्याचें नांव त्या मजकुरांत कोठेंच नव्हतें. पुढें २०१७ व २०१९ सालीं राज्य सरकारनें पुन्हां कर्जमाफ्या दिल्या. २०१९ सालच्या योजनेला तर जोतीरावांचेंच नांव दिलें. ज्यांना माफी मिळाली त्यांना श्वास घ्यावयास फुरसत मिळाली, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण एकच औषध पुन्हां पुन्हां द्यावें लागतें, याचा अर्थ तें ताप उतरवितें, रोग काढीत नाहीं, एवढें तरी मुलानें मजकुरावरून ताडावें.

कारागीर बंधूंचीहि गोष्ट सांगतों. २०२३ सालीं विश्वकर्मा योजना निघाली. कुंभार, लोहार, सुतार, चांभार, शिंपी अशा अठरा धंद्यांस तींत प्रशिक्षण आहे, पंधरा हजारांपर्यंतचीं हत्यारें आहेत, आणि आधीं एक लाख व मग दोन लाख असें पांच टक्क्यांचें कर्ज आहे. ज्या सुताराकडे काम आहे पण यंत्र नाहीं, त्याला ही योजना चांगली साजते. त्यानें जरूर घ्यावी. परंतु ज्या कुंभाराच्या माठाला गिऱ्हाईकच राहिलें नाहीं, ज्याची मातीची खाण बंद झाली, त्याची अडचण हत्याराची नाहीं. त्यानें कर्ज काढलें तर चाक नवें येईल, माठ ओट्यावर तसेच राहतील, आणि हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारांत उभा राहील. योजना एकच, पण दोघांच्या अडचणी दोन. अर्ज भरण्याआधीं घरांतल्या शिकलेल्या पोरानें किंवा पोरीनें हा भेद बापाला सांगावा, एवढ्यासाठींच तर आपण त्यांस शाळेंत धाडतों!

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं मुलांस धड वाचतां येत नाहीं, आणि तुम्ही त्यांना मीमांसा शिकवावयास निघालांत. आम्ही म्हणतों, अर्थाची भूक लागली म्हणजे वाचन आपोआप सुधारतें. कारण शोधावयाचें आहे असें सांगितलें, कीं मूल तोच उतारा तीनदां वाचतें. नुसता पाठ दे म्हटलें तर एकदांहि वाचीत नाहीं. पहिलींतल्या पोराससुद्धां चित्र दाखवून विचारतां येतें, कीं या शेळीला काय झालें, आणि आपण काय करावें? दुसरा आक्षेप असा, कीं अशानें मुलें उर्मट होतील, मोठ्यांच्या बोलण्यांत खोट काढतील. हा आक्षेप आमच्या ओळखीचा आहे. आमच्या बापजाद्यांनीं पोथींतलें कारण विचारलें, तेव्हांहि हेंच उत्तर मिळालें होतें. ज्यांस भक्तिभावानें मान डोलविणारे श्रोते हवे असतात, त्यांस प्रश्न म्हणजे उर्मटपणा वाटणारच. पण मुलास हेंहि शिकवावें, कीं प्रश्न माणसावर नसून उपायावर आहे. आणि ज्याला उपाय साजत नाहीं असें वाटतें, त्यानें साजेसा उपाय सुचविण्याचीहि जबाबदारी घ्यावी. नुसती नांवें ठेवणें हें वाचन नव्हे.

आणि हे चार प्रश्न परक्यांसाठींच राखून ठेवूं नका. ते आपल्यावरहि चालवा. लग्नांत कर्ज काढून पंगती उठवावयाच्या आणि मग दैवाला दोष द्यावयाचा, हें कोणत्या रोगाचें कोणतें औषध? आपला पुढारी व्यासपीठावर चढून म्हणतो, सर्व दुःखांचें मूळ अमुक जात, आणि उपाय म्हणजे मला निवडून द्या. तेथेंहि मुलानें तिसरा प्रश्न विचारावा, कीं या उपायानें फायदा कोणाचा? सत्यशोधक म्हणवून घेणाऱ्यांस ही परीक्षा चुकवितां येणार नाहीं. किंबहुना हा लेखसुद्धां मुलापुढें ठेवून त्यास विचारा, यांत अडचण नीट सांगितली आहे काय, आणि सुचविलेला उपाय पुरेसा आहे काय? आम्हांस राग येणार नाहीं. एक गोष्ट आम्ही आधींच सांगून टाकतों: शाळेंत शिक्षकच पुरे नसतील, तर चार प्रश्न विचारणार कोण? तेव्हां रिकाम्या जागा भरा, हा प्रश्न मुलांआधीं सरकारला घातला पाहिजे.

शेवटीं करावयाच्या गोष्टी तीन. शिक्षक बंधुभगिनींनीं आठवड्यांतून एक तास, शनिवारचा कां होईना, या कामास द्यावा. धडा पुस्तकांतला घ्यावा किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, बचतगटाचा हिशेब घ्यावा. पालकांनीं शाळा व्यवस्थापन समितींत नुसतें सहीपुरतें बसूं नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ती जागा तुम्हांस दिली आहे, तेथें गुरुजींस विचारावें, कीं आमचें मूल धड्यांतली अडचण ओळखतें काय? आणि आयाबहिणींनीं, ज्यांस अक्षर येत असेल त्यांनीं व ज्यांस येत नसेल त्यांनींहि, रात्रीं भाकरी थापतांना मुलाकडून एक उतारा वाचवून घ्यावा आणि एवढेंच विचारावें, "कोणाला काय झालं होतं, आणि त्यानं काय केलं? तूं असतास तर काय केलं असतंस?" हें विचारावयास शाळा शिकलेली असावी लागत नाहीं, संसार केलेला असावा लागतो, आणि तो तुम्हीं केला आहे.

कागद यापुढेंहि येतच राहतील, सरकारचे, बँकेचे, कंपनीचे, पुढाऱ्यांचे. प्रत्येक कागदावर आपली अडचण कोणी तरी लिहून आणील आणि उपायहि सोबत बांधून आणील. तो आपल्या मापाचा आहे कीं नाहीं, हें आपल्याच पोरानें पाहून सांगावें. रेडा आपला आहे. त्याची नाडी आपल्यालाच पाहतां आली पाहिजे.